‘उपकर’, ‘घसारा’ आणि ‘परतावा’ : पर्यावरणविषयक राजकोषीय धोरणाच्या भाषेची चिकित्सा

१

शासनाने बसविलेला कर आणि कारखानदाराने शोधून काढलेली नवी युक्ती यांमधील कार्यकारणसंबंध हा सामान्यतः अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. त्या शास्त्रातील पूर्वसूरींची भूमिका थोडक्यात अशी : पिगू यांनी १९२० साली असे प्रतिपादिले की, ज्या धुराची झळ इतरांना लागते त्या धुराची किंमत धूर सोडणाऱ्याकडून कराच्या रूपाने वसूल करावी. हिक्स यांनी १९३२ साली दाखविले की, एखादे साधन महाग झाले की ते साधन वाचविणाऱ्या शोधांना चालना मिळते. या दोन विचारांचा संगम १९९१ साली मायकेल पोर्टर यांच्या एका छोट्या टिपणात झाला. योग्य रीतीने आखलेले पर्यावरणीय निर्बंध उद्योगाला मारक न ठरता नव्या शोधाला प्रवृत्त करतात, असे त्यांचे मत होते. गेली तीन दशके या मताच्या समर्थनार्थ आणि खंडनार्थ विपुल लेखन झाले आहे.

या लेखनात एका पदाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि ते पद म्हणजे ‘योग्य रीतीने आखलेले’ हे होय. कराची आखणी योग्य की अयोग्य, हे केवळ दराच्या आकड्यावरून ठरत नाही. कर हे शासनाने उद्योगाला उद्देशून केलेले एक विधान असते. त्याला कर्ता असतो, कर्म असते, अर्थ असतो आणि काळ असतो. ते कोणाला उद्देशून आहे, कशाविषयी आहे, त्यात अट आहे की नाही आणि ते किती काळ खरे राहणार आहे, या चार प्रश्नांची उत्तरे विधानाच्या रचनेतच दडलेली असतात. कारखानदार आकडा वाचतो हे खरे. परंतु आकड्याआधी तो वाक्य वाचतो. भारतीय राजकोषीय धोरणातील काही वाक्ये या दृष्टीने तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

२

प्रथम एका संज्ञेची स्पष्टता केली पाहिजे. ‘हरित नवोपक्रम’ हा शब्दप्रयोग आज शासकीय मराठीत सर्रास आढळतो. त्यातील ‘हरित’ हे विशेषण इतके सैल झाले आहे की, त्याने विशेष्याला कोणतीच मर्यादा पडत नाही. ‘नवोपक्रम’ या पदात तर दोन भिन्न क्रिया एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. एखाद्या उद्योगाने दुसऱ्याने तयार केलेले यंत्र विकत आणून बसविले, तर तो अवलंब होय. जे यंत्र वा जी पद्धती पूर्वी कोठेच नव्हती ती सिद्ध केली, तर तो शोध होय. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी, फारशी गौरविली न जाणारी क्रिया आहे. हाताशी असलेलेच यंत्र अधिक जाणतेपणाने चालविणे, ही ती क्रिया. मराठीत तिला ‘जम बसविणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. भट्टीचा, बॉयलरचा वा चुलाण्याचा जम बसविणारा कामगार पेटंट घेत नाही. तथापि धूर कमी होण्याचे बरेचसे श्रेय त्याचे असते.

राजकोषीय धोरणाचा परिणाम मोजताना या तिन्ही क्रियांची गल्लत झाली, तर निष्कर्षही गल्लतीचेच निघतात. भारतात सौरऊर्जेचा प्रसार झाला, म्हणून भारतीय करधोरणाने शोधाला चालना दिली, असे अनुमान काढणे सदोष होय. सौरपट्टे स्वस्त होण्यामागे जर्मनीचा २००० सालचा वीजखरेदीविषयक कायदा आणि त्यानंतर चीनमध्ये झालेले प्रचंड उत्पादन ही प्रमुख कारणे होत. भारतातील धोरणाने मुख्यतः अवलंबाला साहाय्य केले. हे कार्य कमी मोलाचे नाही. परंतु त्याला त्याच्याच नावाने संबोधणे इष्ट आहे.

३

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. शासनाच्या पर्यावरणविषयक उपायांचीही अशीच वर्गवारी करता येते. ‘हे रसायन वापरू नका’ हा आज्ञार्थ. ‘प्रत्येक वीजकेंद्राने गंधकाचे वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवावी’ हा विध्यर्थ. ‘जो जितका धूर सोडील तो तितके भरील, जो कमी सोडील त्याचे देणे कमी होईल’ हा संकेतार्थ. केवळ ‘इतका कर देय आहे’ असे म्हणणारा कायदा स्वार्थात बोलतो. त्यात सूचना नाही, अट नाही, केवळ कथन आहे.

शोधाला चालना देण्याची शक्ती प्रामुख्याने संकेतार्थात आहे, असे अनुभव सांगतो. अमेरिकेत १९९० पूर्वी नव्या वीजकेंद्रांना गंधकाचे वायू शोषणारी यंत्रणा बसविणे बंधनकारक होते. डेव्हिड पॉप यांनी पेटंटांच्या आधारे असे दाखविले की, त्या काळातील शोध ही यंत्रणा चालविण्याचा खर्च कमी करण्यापुरते मर्यादित राहिले. ती अधिक गंधक शोषील याची काळजी कोणी केली नाही. १९९० च्या कायद्याने उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार निर्माण केला. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक टनाला किंमत आली आणि मग शोषणक्षमता वाढविणारे शोधही पुढे आले. विध्यर्थाने जेवढे सांगितले तेवढेच उद्योगाने केले. संकेतार्थाने मात्र पुढचे पाऊल टाकणाऱ्यालाही मोबदला मिळू लागला.

याहून बोलके उदाहरण स्वीडनचे आहे. त्या देशाने १९९२ पासून मोठ्या बॉयलरांतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर दर किलोग्रॅमला ४० क्रोनर आकारण्यास प्रारंभ केला. या आकारणीला स्वीडिश भाषेत ‘कर’ या अर्थाचा शब्द न वापरता ‘शुल्क’ या अर्थाचा शब्द वापरलेला आहे, आणि हा भेद पोकळ नाही. जमलेली रक्कम, प्रशासनाचा अल्प खर्च वजा जाता, त्याच उद्योगांना परत दिली जाते. परंतु ज्याने जितकी उपयुक्त ऊर्जा निर्माण केली त्या प्रमाणात. म्हणजे दर युनिटामागे सरासरीहून अधिक धूर सोडणारा देणेकरी ठरतो आणि सरासरीहून कमी सोडणारा घेणेकरी ठरतो. १९९२ मध्ये या योजनेखालील बॉयलरांपैकी सुमारे ७ टक्क्यांनी धूर कमी करणारी यंत्रणा बसविली होती; १९९३ मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले. पहिल्या काही वर्षांतच दर युनिट ऊर्जेमागील उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

यातील एक बारकावा विशेष मननीय आहे. शुल्क आकारायचे तर धूर मोजला पाहिजे, म्हणून प्रत्येक ठिकाणी सतत मोजणारी उपकरणे आली. मोजमाप डोळ्यांसमोर आल्यावर, नवीन यंत्रणा न बसविताही, केवळ ज्वलनाचा जम बसवून उत्सर्जन कमी करता येते असे अनेकांच्या ध्यानात आले. अर्थात वर उल्लेखिलेली तिसरी क्रिया येथे घडली. जे मोजलेच जात नाही त्याविषयी संकेतार्थी विधान करता येत नाही, हा यातील बोध होय.

४

आता भारतीय कायद्याकडे वळता येईल. १ जुलै २०१० पासून दगडी कोळशावर दर टनाला ५० रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लागू झाला. २०१४ मध्ये तो १०० रुपये, २०१५ मध्ये २०० रुपये आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. त्याच वर्षी त्याचे नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे बदलले. सहा वर्षांत आठपट झालेला हा दर पाहून कोणासही वाटावे की, एवढ्या दडपणाने वीजनिर्मितीच्या तंत्रात उलथापालथ झाली असेल. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण वाक्याच्या रचनेत सापडते.

प्रथम कर्म पाहावे. उपकर कोळशाच्या वजनावर होता. चिमणीतून निघणाऱ्या धुरावर नव्हता. चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या वीजकेंद्राने ज्वलन सुधारून राख, गंधक वा नायट्रोजनचे ऑक्साइड घटविले, तरी जाळलेल्या टनामागील देणे रुपयाने कमी होत नसे. कोळसा कमी जाळण्याला थोडे उत्तेजन होते; स्वच्छ जाळण्याला मुळीच नव्हते.

दुसरे, कर्ता. उपकर भरणारा खाणमालक वा आयातदार, जाळणारा वीजनिर्माता, आणि अखेरीस सोसणारा ग्राहक. वीजखरेदीच्या दीर्घ मुदतीच्या करारांत ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली अशा वाढीव खर्चाची वसुली वीजदरातून करण्याची मुभा नियामकांनी मान्य केली. ज्याच्या हाती तंत्र बदलण्याची शक्ती होती, त्याच्या कानावरून हे वाक्य पुढे निघून गेले. ज्याच्या खिशावर ते येऊन थांबले, त्याच्या हाती तंत्र नव्हते. कर्मणी प्रयोगात कर्ता पडद्याआड जातो, तसे येथे झाले. ‘कर भरला गेला’. कोणी काय बदलावे, हे अध्याहृतच राहिले.

तिसरा प्रश्न जमा रकमेचा. या उपकराच्या उत्पन्नातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारावयाचा होता आणि त्यातून स्वच्छ ऊर्जातंत्रातील संशोधनास व नव्या प्रकल्पांस साहाय्य करावयाचे होते. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी निधीकडे वर्ग झाले सुमारे २९ हजार ६०० कोटी, आणि प्रकल्पांकडे प्रत्यक्ष गेले सुमारे १५ हजार ९०० कोटी. शंभर रुपयांमागे अठराएक रुपये मूळ हेतूच्या आसपास पोहोचले. ज्या संशोधनासाठी निधीची कल्पना मांडली गेली, त्याच्या वाट्याला त्यातीलही अल्पांशच आला. बराचसा पैसा मंत्रालयांच्या नित्याच्या योजनांकडे वळला.

येथे ‘उपकर’ या शब्दाचाच विचार करावा लागतो. जुन्या मराठी व्यवहारात विशिष्ट कारणासाठी बसविलेल्या आकारणीला ‘पट्टी’ म्हणत. कर्जपट्टी, घरपट्टी, पाणीपट्टी या शब्दांत कारण वा वस्तू नावातच प्रथम येते, आणि पाणी न आल्यास पाणीपट्टी भरणारा नागरिक जाब विचारू शकतो. ‘उपकर’ या संस्कृतोद्भव पर्यायात कारण लोपले आहे. उरला आहे तो केवळ गौणत्वाचा ‘उप’. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द होऊन कोळशावर तितक्याच रकमेचा ‘भरपाई उपकर’ बसला. भरपाई कशाची? राज्यांच्या बुडालेल्या महसुलाची. कोळशाच्या धुराने ज्यांची फुप्फुसे व ज्यांची शेते बाधित झाली, त्यांच्या हानीची ही भरपाई नव्हती. रुपये ४०० च राहिले. परंतु वाक्य समूळ बदलले, आणि ते बदलल्याची खंत फारशी कोणी व्यक्त केली नाही.

५

संकेतार्थी रचनेचा प्रयत्न भारतात झालाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७७ च्या जलप्रदूषणविषयक उपकर कायद्यात, सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे संयंत्र उभारणाऱ्या उद्योगास उपकरात सूट देण्याची तरतूद होती. ही सूट आरंभी ७० टक्के होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती २५ टक्क्यांवर आली. रचना निर्दोष नसली तरी दिशा योग्य होती. वैगुण्य होते ते दरात. हा दर हजार लिटर पाण्यामागे पैशांत मोजला जाई. संयंत्राचा खर्च लाखांत आणि सूट पैशांत, अशा विषम तोलामध्ये संकेतार्थ असूनही तो उद्योगाच्या कानी पडण्याइतका मोठ्याने उच्चारला गेला नाही. २०१७ मध्ये हा कायदाही वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर संपुष्टात आला.

करसवलतीच्या बाजूने पाहिले तर ‘घसारा’ या शब्दाचे उदाहरण उद्बोधक आहे. वापराने यंत्र घासले जाते, त्याची किंमत झिजते, म्हणून तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करावयाची, हा त्याचा मूळ आशय. पवनचक्क्यांच्या बाबतीत मात्र, चक्की झिजो वा न झिजो, पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत घसारा धरण्याची मुभा होती. परिणामी, ज्यांचा ऊर्जेशी काहीही संबंध नाही अशा भरपूर नफ्याच्या व्यवसायांनी कर वाचविण्यासाठी पवनचक्क्या उभारल्या. सातारा जिल्ह्यातील पठारांवर ज्या चक्क्या दिसतात, त्यांच्या मागील प्रेरणांत ही एक प्रमुख होती. चक्की किती वीज देते, यापेक्षा ती मार्चअखेरपूर्वी उभी राहते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. शब्द झिजेचा आणि बक्षीस उभारणीचे! २००९ च्या अखेरीस दर युनिट निर्मितीमागे ५० पैसे देणारी योजना आली, तेव्हा प्रथमच वाक्याचे कर्म ‘चक्की’ऐवजी ‘वीज’ हे झाले. उंच मनोरे, लांब पाती आणि मंद वाऱ्यात चालणारी यंत्रे यांना अशा रचनेतच खरे उत्तेजन मिळू शकते.

६

उरतो तो काळाचा विचार. शोधाला पाच-दहा वर्षे लागतात. म्हणून शोधाला उद्देशून केलेले विधान भविष्यकाळात टिकणारे असावे लागते. आपल्याकडील धोरणाची विधाने बहुधा चालू वर्षापुरती असतात. उपरोक्त घसाऱ्याची वाढीव सवलत आणि निर्मितीवरील अनुदान ही दोन्ही २०१२ मध्ये थांबली. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट क्षमतेच्या पवनचक्क्या उभारल्या गेल्या होत्या; पुढील वर्षी हा आकडा सुमारे १,७०० वर आला. अनुदान २०१३ मध्ये व सवलत २०१४ मध्ये परत आली, आणि २०१७ मध्ये सवलतीचा दर निम्म्यावर, ४० टक्क्यांवर, आणला गेला.

साखर कारखान्यांचा अनुभवही असाच. २०१८ मध्ये इंधनात मिसळावयाच्या इथेनॉलवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला, बी-हेवी मळीपासून व उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला चढा भाव ठरविला गेला आणि आसवन्यांसाठी व्याजात सवलत मिळाली. महाराष्ट्रातील अनेक सहकारी व खाजगी कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्यांचा विस्तार केला. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आली; काही दिवसांतच ती अंशतः शिथिल झाली आणि २०२४ मध्ये उठविली गेली. निर्णयामागील कारणे सबळ असतीलही. परंतु ज्याने यंत्रे मांडली त्याने यातून घेतलेला धडा एवढाच की, शासनाचे वाक्य पूर्णविरामाने संपत नाही, स्वल्पविरामाने संपते. विध्यर्थाचीही हीच गत. वीजकेंद्रांच्या धुराविषयी डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ठरल्या, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधकशोषक यंत्रणेच्या बंधनातून सूट मिळाली. ज्यांनी मुदतीत खर्च केला ते या व्यवहारात शहाणे ठरले नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरील भरपाई उपकर रद्द झाला आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के झाला. या बदलाचा एक परिणाम साध्या गणिताने दिसतो. टनाला १,००० रुपये किमतीच्या हलक्या कोळशावर पूर्वी ५० आणि ४०० मिळून ४५० रुपये कर पडे. आता १८० पडतो. टनाला ४,००० रुपये किमतीच्या उंची कोळशावर पूर्वी ६०० रुपये पडत. आता ७२० पडतात. साधारणतः ३,१०० रुपयांखालील कोळसा कराच्या दृष्टीने स्वस्त झाला आणि त्यावरील महाग झाला. हलका कोळसा म्हणजे बहुधा अधिक राखेचा कोळसा होय. करप्रणाली सुटसुटीत झाली, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु या वाक्यात धुराचा उल्लेख तर नाहीच, उलट अधिक राख जाळणाऱ्यास ते नकळत अभय देते.

७

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, उद्योग नफा-तोट्याचा हिशेब करतो. शब्द ‘उपकर’ असो की ‘शुल्क’, त्याला काय त्याचे? आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. नाव बदलल्याने धूर कमी होत नाही, हे कोळशाच्या उपकरानेच सिद्ध केले. तथापि येथील प्रतिपादन नावापुरते मर्यादित नाही. आकारणीचा पाया, अट आणि मुदत या गोष्टी विधानाची रचना ठरवितात. नाव हे त्या रचनेचे लक्षण होय. ज्या आकारणीचे कारण नावातून नाहीसे होते, तिचे उत्पन्न त्या कारणावर खर्च होण्याचा आग्रहही हळूहळू नाहीसा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. करांमुळे शोधाला मिळणारी चालना मुळातच अल्प असते, असे म्हटले जाते. युरोपीय उत्सर्जनबाजाराविषयी कॅलेल आणि डेशेझलप्रेत्र यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नियमनाखालील उद्योगांची अल्पकार्बन पेटंटे सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. परंतु समग्र युरोपच्या संदर्भात ही वाढ १ टक्क्याहूनही कमी होती. म्हणजे राजकोषीय उपाय हे सार्वजनिक संशोधनसंस्थांची जागा घेऊ शकत नाहीत. हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की, ज्या उद्योगांना वाक्य थेट उद्देशून होते, त्यांनी ते ऐकले.

तिसरा आक्षेप स्वीडनच्या पद्धतीवर. गोळा केलेली रक्कम प्रदूषकांनाच परत करणे न्याय्य कसे? न्यायाच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी धूर सोसला त्यांच्या पदरी या व्यवहारात काहीच पडत नाही. परंतु परताव्यामुळेच उंच दराला होणारा विरोध सौम्य झाला, आणि दर उंच होता म्हणूनच तो परिणामकारक ठरला. पैशांतील दर आणि नीतिमत्तेचे समाधान, की उंच दर आणि परतावा, या निवडीत दुसऱ्या पर्यायाने हवा अधिक स्वच्छ झाली, हे नाकारता येत नाही.

८

भारतात २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट योजना या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे. दर टन उत्पादनामागील उत्सर्जनाचे लक्ष्य ठरवावयाचे, त्याहून सरस कामगिरी करणाऱ्यास क्रेडिट द्यावयाचे आणि मागे पडणाऱ्यास ते विकत घ्यावयास लावावयाचे, अशी तिची रचना आहे. व्याकरणाच्या परिभाषेत हा संकेतार्थ होय, आणि त्याचे कुळ स्वीडनच्या परताव्याशी जुळते. २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद या उद्योगांसाठी पहिली लक्ष्ये ठरली. परंतु कोळशावर चालणारी वीजकेंद्रे या योजनेच्या कक्षेबाहेर आहेत. ज्या कर्त्याला उद्देशून पंधरा वर्षे चुकीच्या रचनेचे वाक्य उच्चारले गेले, त्याच्याविषयी योग्य रचनेचे वाक्य लाभल्यावर शासनाने मौन पाळावे, ही विसंगती होय.

तात्पर्य असे की, राजकोषीय धोरण उद्योगाला शोधास प्रवृत्त करते ते चार अटींवर : ते ज्याच्या हाती तंत्र आहे त्याला उद्देशून असावे, जे घटवावयाचे आहे तेच मोजून त्यावर बेतलेले असावे, सुधारणेच्या प्रत्येक पावलाला त्यात फळ असावे, आणि शोध सिद्ध होईतो ते बदलू नये. १९७७ च्या कायद्यात तिसऱ्या अटीचा अंश होता, २००९ च्या अनुदानात दुसरीचा आणि तिसरीचा. पहिली आणि चौथी बहुतेक कोठेच आढळत नाहीत. यापुढे अशा आकारणीचा मराठी मसुदा सिद्ध करणाऱ्याने ‘उपकर’ या शब्दापाशी क्षणभर थांबून ती कशाची पट्टी आहे, एवढा प्रश्न स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पहिल्या कलमात लिहिले, तर वीजकेंद्राच्या छायेत राहणाऱ्यास पाणीपट्टी भरणाऱ्याप्रमाणे जाब विचारण्याचा अधिकार प्राप्त होईल. असा जाब विचारला जाऊ लागला की, तो चुकविण्याचे उपाय शोधणे उद्योगास क्रमप्राप्त होते.